महाविद्यालयातील मुलामुलींना एचपीव्ही आणि त्यावरील लसीविषयी काय सांगावे, आणि कसे?

कर्लीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे आधीपासून होतेच. यंदा महिला विकास कक्षाची जबाबदारीही माझ्याकडे आली आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग, त्याला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही हा विषाणू आणि त्यावरील लस या विषयावर विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम घ्यावा असे कक्षाच्या बैठकीत ठरले. त्या वेळी प्राचार्यांनी एक रास्त सूचना केली, की व्याख्याते बोलावण्याआधी मुलांना मुळात काय ठाऊक आहे ते पाहून घ्यावे.

म्हणून तृतीय वर्षाच्या वर्गात मी सहज चार प्रश्न विचारून पाहिले. विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी विषाणूचे नाव ऐकले होते, जाहिरातींमुळे ‘कॅन्सरची लस निघाली आहे’ एवढेही बहुतेकांना माहीत होते. पण त्यापुढे सगळा गोंधळ होता. कोणी एचपीव्ही आणि एचआयव्ही एकच समजत होते, तर ‘सर्व्हायकल’ (येथे अर्थ गर्भाशयमुखाचा) म्हणजे मानेचे दुखणे अशी एकीची समजूत होती, कारण तिच्या आजोबांना मानेचा पट्टा लावायला सांगताना डॉक्टरांनी तोच शब्द वापरला होता. लस लग्न झालेल्या बायकांनी घ्यायची असते असे बऱ्याच मुलींनी सांगितले. विषय निघाल्यानंतर मागच्या बाकांवरील मुलांनी तर ‘मॅडम, आम्ही बाहेर जाऊ का?’ असे विचारले, आणि ते थट्टेने विचारत नव्हते. आपला येथे काही संबंध नाही असे त्यांना मनापासून वाटत होते.

माझ्यापुढील अडचणी अशा आहेत. ही लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी आहे असे सर्वत्र छापून येते. मग अठरा ते बावीस वर्षांच्या मुलींना ती घ्या असे सांगण्यात काही अर्थ आहे, की आपण त्यांना केवळ हळहळ वाटायला लावणार आहोत? मुलांनाही वर्गात बसवावे का? आणि पालकांना काय सांगावे? कार्यक्रमाची कुणकुण लागल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील महाविद्यालयात येऊन गेले. अतिशय सभ्यपणे बोलले, पण त्यांचे म्हणणे एकच होते, की लग्न व्हायच्या आधी मुलीला ही लस कशासाठी हवी, आणि उद्या सोयरीक जुळवताना कोणी विचारले तर आम्ही काय उत्तर द्यायचे? मी त्यांना काहीतरी सांगितले, मात्र ते त्यांना पटले असेल असे मला वाटत नाही.

शिवाय एक छोटी प्रश्नावली तयार करून सर्व वर्गांकडून भरून घ्यावी असा विचार आहे. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाशिष्ठीचा पूर (उत्तर)

कर्लीकाठ मॅडम, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि चिपळूण परिसरात माझा दवाखाना आहे. आपल्या प्रश्नांपैकी त्या वडिलांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याच्याकडे वळते. बाकीच्या शंकांची उत्तरे त्याच्याच ओघात येतील.

त्या गृहस्थांच्या मनात लस आणि चारित्र्य यांची गाठ बसलेली आहे, आणि ती केवळ त्यांच्याच मनात आहे असे नाही. एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून पसरतो हे खरे आहे आणि ते लपवू नये. मात्र ज्यांचे लैंगिक जीवन सुरू झाले आहे अशा बहुतांश स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी या विषाणूच्या एखाद्या प्रकाराची लागण होते, एवढा तो सर्वत्र आढळणारा आहे. आयुष्यभर एकाच जोडीदाराशी संबंध आलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो, कारण जोडीदाराकडे तो लग्नाच्या कितीतरी आधी आलेला असतो आणि त्याला त्याची काहीच कल्पना नसते. लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. त्यामुळे लागण झाली यावरून कोणाच्या वागणुकीविषयी काही अनुमान काढता येत नाही, आणि लस घेतली यावरून तर मुळीच नाही. लस लग्नाआधी का, याचे उत्तर साधे आहे. ती लागण होण्यापूर्वी घेतली तरच पुरते काम करते, आणि आधीच शिरलेल्या विषाणूला ती हुसकावू शकत नाही. ‘लग्न ठरल्यावर बघू’ हे वाक्य मी पालकांकडून वारंवार ऐकते. लग्न ठरल्यावर हॉल, आमंत्रणे, दागिने यांतून तीन डोसांसाठी सहा महिने कोणी काढत नाही, हाही अनुभव आहे.

आता विषाणूविषयी थोडे. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील साधारण चौदा प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे मानले जातात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांत १६ आणि १८ या दोनच क्रमांकांचे प्रकार कारणीभूत असतात. या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लागण झालेल्या बहुतेकांच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये हळूहळू बदल होत जातात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. तुमच्या वर्गातील एकविशीच्या मुलीच्या बाबतीत आपण आज जे करू, त्याचा हिशेब ती चाळिशीला आल्यावर लागणार आहे. हे सांगायचे ते घाबरवण्यासाठी नव्हे. ‘मला तर काहीच होत नाही’ असे म्हणण्यात या आजारापुरता अर्थ का नाही, हे त्यातून मुलांच्या ध्यानात येते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने मरण पावल्या.

वयाविषयी सांगायचे तर नऊ ते चौदा हे वय सर्वांत उत्तम आहे यात शंका नाही आणि सार्वजनिक पैसा प्रथम त्याच वयावर खर्च व्हावा हेही योग्यच आहे. परंतु त्यानंतर दार बंद होते असे मात्र नाही. स्वीडनमध्ये सुमारे १६ लाख ७० हजार मुली आणि तरुण स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२० साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग लस न घेतलेल्यांच्या तुलनेत ८८ टक्क्यांनी कमी आढळला, तर सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी कमी. म्हणजे उशिराने घेतल्यास लाभ घटतो, पण उरतो तोही थोडाथोडका नाही. आपल्या मुलींपैकी अनेकींना अद्याप लागण होण्याचा प्रसंगच आलेला नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी वेळ टळून गेली असे म्हणणे चुकीचे ठरेल.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. नऊ ते सव्वीस या वयोगटातील मुली आणि मुलगे, दोघांसाठीही ती मान्य आहे. चौदा वर्षांपर्यंत दोन डोस आणि पंधरापासून पुढे तीन डोस, तेही पहिल्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा व सहा महिन्यांनी तिसरा, असे तिचे वेळापत्रक आहे. आली तेव्हा दोन डोसांच्या एका कुपीची किंमत २,००० रुपये जाहीर झाली होती. परदेशी बनावटीची नऊ प्रकारांवरची लस तिच्या कितीतरी पट महाग पडते. तीन डोसांचा खर्च आपल्याकडील काजू कारखान्यात जाणाऱ्या आईला किंवा छोट्या बागायतदाराला डोईजड आहे, हे मान्य करूनच बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये वीस वर्षांपर्यंत एक किंवा दोन डोसही चालू शकतात अशी भूमिका घेतली आहे, तेव्हा पैशांमुळे ज्यांचे अडते त्यांनी लस सोडून देण्याआधी आपल्या डॉक्टरांशी याविषयी जरूर बोलावे.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही पत्रकात छापलेली नसते. तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञाच्या पाटीखाली अविवाहित मुलगी बसलेली दिसली, की संध्याकाळपर्यंत ते तिच्या वाडीवर पोहोचते. माझ्याकडे येणाऱ्या मुली ओढणी डोक्यावरून घेऊन कोपऱ्यातील खुर्ची धरतात आणि नाव पुकारू नका अशी खूण करतात. त्याखेरीज, लसीआधी आतून तपासणी करतील ही भीती अनेकींना असते. म्हणून कार्यक्रमात हे स्पष्टपणे सांगावे, की ही लस दंडावर टोचतात, त्यासाठी आतील तपासणी किंवा कोणतीही चाचणी लागत नाही, आणि ती आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडेही घेता येते. एवढ्या एका वाक्याने जे काम होते, ते माझ्या तासाभराच्या व्याख्यानाने होत नाही.

तृतीय वर्ष, लोणेरे (उत्तर)

मी रायगड जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘आम्ही बाहेर जाऊ का’ हे वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. आमच्या शाळेत सातवी-आठवीत असताना आरोग्याचे कोणतेही व्याख्यान असले की मुलग्यांना मैदानावर सोडत आणि मुलींना वर्गात बसवत. त्यामुळे मुलींच्या आरोग्याचा विषय निघाला की उठून जाणे म्हणजेच सभ्यपणा, असे आमच्या मनात पक्के बसले आहे. मॅडम, मुलांना बसवाच; पण ‘तुमच्या बहिणीसाठी ऐका’ एवढ्यावर थांबू नका. हा विषाणू आम्हालाही होतो आणि त्यातून आम्हालाही आजार होऊ शकतात, हे मला हे वाचेपर्यंत नीटसे माहीत नव्हते. माझा डॉक्टर मॅडमना प्रश्न आहे, की मुलग्यांना नेमका काय धोका असतो आणि आमच्या वयात लस घेणे खरोखर गरजेचे आहे का?

वाशिष्ठीचा पूर (उत्तर)

चांगला प्रश्न आहे. एचपीव्हीमुळे पुरुषांमध्ये घशाच्या मागील भागाचा, गुदद्वाराचा आणि शिश्नाचा कर्करोग होऊ शकतो, आणि ६ व ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात. चामखिळी जिवावर बेतत नाहीत, परंतु पुन्हा पुन्हा उद्भवतात आणि मनस्ताप फार देतात. आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाचा मुख्य गुन्हेगार मात्र तंबाखूच आहे. मशेरी, गुटखा आणि विडी यांना एचपीव्हीच्या आड लपू देऊ नका.

मुलग्यांनी लस घेणे उपयुक्त आहे. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींपासून सुरुवात केली आणि २०१३ मध्ये मुलग्यांनाही शासकीय कार्यक्रमात घेतले. आपल्याकडे एका घरात पैसे एकाच मुलापुरते असतील तर मी बहिणीला आधी द्या असे सांगेन, कारण रोगाचा मोठा भार स्त्रियांवर आहे. कंडोममुळे धोका कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही, कारण त्याने न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शातूनही हा विषाणू पसरतो.

आकडेमोड (उत्तर)

रत्नागिरीत संख्याशास्त्र शिकवतो. प्रश्नावलीविषयी थोडे लिहितो, कारण अशा अनेक प्रश्नावल्या विद्यार्थी प्रकल्पांसाठी माझ्याकडे तपासायला आणतात आणि त्या बहुतेक एकाच ठिकाणी फसतात.

‘तुम्ही एचपीव्हीविषयी ऐकले आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्यावर ‘होय’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढून ‘जागरूकता’ असे तिचे नाव ठेवले जाते. ऐकणे आणि जाणणे यांतील अंतर आपल्या वर्गातील अनुभवातूनच दिसते. मॅडमनी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते आधी ठरवावे. माझ्या मते विधाने द्यावीत आणि प्रत्येकापुढे ‘बरोबर’, ‘चूक’ आणि ‘माहीत नाही’ असे तीन पर्याय ठेवावेत. तिसरा पर्याय नसेल तर मुले अंदाजाने खूण करतात आणि आपण नशिबाला ज्ञान समजून बसतो. विधानांत काही खरी असावीत, काही प्रचलित गैरसमज असावेत, उदाहरणार्थ ‘लस घेतल्यावर पुढे तपासणीची गरज राहत नाही’, ‘ही लस फक्त विवाहित स्त्रियांसाठी असते’, ‘लागण झालेल्या व्यक्तीला लगेच त्रास सुरू होतो’. इंग्रजी माध्यमाच्या प्रश्नावलीचे शब्दशः मराठीकरण करू नये. आधी पाचसहा मुलांना वाचायला देऊन त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. आपल्या आजोबांच्या पट्ट्याची आठवण काढणारी विद्यार्थिनी यासाठी अगदी योग्य आहे.

नाव आणि हजेरी क्रमांक विचारू नयेत. कागद गोळा करण्यासाठी बंद पेटी ठेवावी, शिक्षकांच्या हातात देण्यास सांगू नये, आणि लैंगिक अनुभवाविषयीचे प्रश्न पूर्णतः टाळावेत. जागरूकता मोजण्यासाठी त्यांची गरज नाही आणि लहान महाविद्यालयात अक्षरावरूनही माणूस ओळखता येतो. अकरावी-बारावीची मुले अठरा वर्षांखालील असल्याने त्यांच्याकडून काही भरून घ्यायचे असल्यास पालकांची संमती घ्यावी आणि महाविद्यालयाच्या समितीची मान्यता आधीच मिळवावी. व्याख्यानाच्या आधी एकदा आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा, अशी तीच प्रश्नावली दोनदा दिली तर काहीतरी शिकायला मिळेल. व्याख्यान संपताच टाळ्यांच्या गजरात भरून घेतलेल्या उत्तरांवर माझा तरी विश्वास नाही.

कर्लीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सर, आपल्या सूचनेप्रमाणे प्रश्नावली नव्याने लिहायला घेतली आहे. दरम्यान एक नवीच अडचण आली. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक जुना संदेश फिरू लागला आहे. त्यात म्हटले आहे, की या लसीचा प्रयोग गरीब आदिवासी मुलींवर करण्यात आला, त्यांत काही मुली दगावल्या आणि म्हणून शासनाला तो बंद करावा लागला. शिवाय लसीमुळे वंध्यत्व येते, असेही. यातील खरे किती आणि खोटे किती?

वाशिष्ठीचा पूर (उत्तर)

वंध्यत्वाचा भाग खोटा आहे. या लसीत जिवंत किंवा मृत असा कोणताच विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरील कवचाचे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून त्याची पोकळ गोळी बनवलेली असते, तिच्या आत जनुकीय द्रव्य नसल्यामुळे तिच्यापासून लागण होणेच शक्य नाही, आणि जगभर कोट्यवधी मुलींना लस दिल्यानंतरही गर्भधारणेवर तिचा दुष्परिणाम आढळलेला नाही. गरोदरपणात लस घेणे टाळतात, ते खबरदारी म्हणून. पहिल्या डोसनंतर दिवस राहिले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे.

पहिला भाग मात्र निव्वळ अफवा म्हणून झटकून टाकू नका, तसे केले तर पालक आपल्यावरच अविश्वास दाखवतील. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत शाळकरी मुलींना ही लस देण्याचा एक प्रायोगिक प्रकल्प झाला. त्यातील सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये शासनाने तो थांबवला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. सर्पदंश, पाण्यात बुडणे, विषप्राशन अशी त्यांतील काही कारणे होती. परंतु त्याच चौकशीतून हेही उघड झाले, की खम्ममच्या वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृह अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही त्या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. माझे स्पष्ट मत असे आहे, की लस निर्दोष होती आणि ती देण्याची रीत सदोष होती, आणि लोकांचा राग त्या रीतीवर होता तोवर तो रास्तच होता.

याला जोडून आणखी एक हकिकत मुलांना सांगण्यासारखी आहे. त्याच सुमारास आपल्या देशात लसीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा एक वेगळा अभ्यास सुरू होता. बार्शी, पुणे आणि मुंबई ही महाराष्ट्रातील ठिकाणेही त्यात होती. सरसकट आलेल्या स्थगितीमुळे तोही अर्ध्यावर अडला आणि हजारो मुलींना नाइलाजाने एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतरच्या नोंदी २०२१ साली प्रसिद्ध झाल्या तेव्हा १६ आणि १८ या प्रकारांची टिकून राहणारी लागण रोखण्यात एक डोसही जवळजवळ तीन डोसांइतकाच प्रभावी ठरल्याचे दिसले. एका डोसाविषयी जगभर जी धोरणे बदलली, त्यांना आधार देणाऱ्या पुराव्यांत बार्शीच्या मुलीही आहेत.

आपल्या कार्यक्रमात संमतीचा भाग काटेकोर ठेवा. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः निर्णय घ्यावा, त्याखालील मुलांच्या पालकांनी स्वतः वाचून सही करावी. महाविद्यालयाने ‘सर्वांनी घेतलीच पाहिजे’ असे पत्रक काढू नये.

सुवर्णदुर्ग (उत्तर)

मी दापोली तालुक्यात अनेक वर्षे आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर ताईंनी जे लिहिले त्यात मला एकच भर घालायची आहे. तुमच्या वर्गातील मुलीला लस मिळेल न मिळेल; पण तिच्या घरी चाळीस-पंचेचाळीस वर्षांची आई आहे, काकू आहे, आणि त्यांची लसीची वेळ गेलेली आहे. त्यांना हवी आहे ती तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी दोन टक्के स्त्रियांचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती.

आमच्या भागातील बायका अंगावरून पांढरे जाते हे सांगतच नाहीत, आणि सांगितलेच तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा आणि कोकमाचे पाणी पिऊन दिवस काढतात. घरधनी मुंबईला, शेतीभाती, गुरे आणि सासूसासरे यांचे सगळे हिच्या अंगावर, त्यात दवाखान्यासाठी पूर्ण दिवस मोडायचा म्हणजे दोन एसटी बदलायच्या. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधी येणारे पाणी जाणे ही लक्षणे दिसली तर उष्णतेचे नाव न घेता लगेच तपासून घ्यायला हवे, आणि लक्षणे नसली तरी तीस ते पासष्ट या वयात पाच वर्षांतून एकदा तपासणी करावी असे केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून पांढरे डाग उमटतात का ते पाहायचे, एवढीच ती तपासणी असते. काही मिनिटांत होते आणि प्रशिक्षित परिचारिकाही ती करू शकते. जेथे एचपीव्हीची चाचणी उपलब्ध असेल तेथे ती अधिक चांगली. आपल्याच राज्यातील तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास झाला होता. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची चाचणी केली होती, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले होते.

मॅडम, मुलींना घरी जाऊन आईशी बोलायला सांगा. आम्ही दारावर गेलो की बाई आतूनच ‘मला काय होत नाय’ म्हणते. मुलगी स्वयंपाकघरात भाकऱ्या होत असताना विचारते तेव्हा तीच बाई वेगळे बोलते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. आणि लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, कारण लसीत सगळे प्रकार येत नाहीत, हे मात्र त्यांना नक्की सांगा.

कर्लीकाठ

सुवर्णदुर्ग ताई, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरासाठी जे गाव ठरले आहे, तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून शिबिराच्या काळात स्त्रियांच्या तपासणीचा एक दिवस ठेवता येतो का ते विचारते. डॉक्टर मॅडम, आता एकच व्यवहारातील प्रश्न राहिला आहे. काही मुली स्वखर्चाने लस घेण्यास तयार आहेत. सुट्ट्या आणि परीक्षांमध्ये सहा महिन्यांचे वेळापत्रक कसे बसवावे, आणि स्थानिक औषध दुकानातून लस आणताना काय पाहावे?

वाशिष्ठीचा पूर (उत्तर)

महाविद्यालय उघडल्यावर जूनच्या अखेरीस पहिला डोस घेतला तर दुसरा गणपतीच्या सुमारास आणि तिसरा नाताळच्या आसपास येतो, म्हणजे उन्हाळी सत्राच्या परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी दोन्ही टळतात. एखादा डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस जमेल तितक्या लवकर घ्यायचा. कोणता डोस कोणत्या तारखेला आणि कोणत्या कंपनीचा घेतला, हे कार्डावर लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण पुढील शिक्षणासाठी आपल्या मुली मुंबई-पुण्याला जातात आणि कागद घरी राहतात.

लस दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते आणि ती गोठूही द्यायची नसते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा आणि किती काळ जाते हे मी सांगायला नको. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या बाजूस कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. म्हणून इन्व्हर्टर किंवा जनरेटर असलेल्या दवाखान्यातच ती आधी मागवून घ्यावी, दुकानातून आणून पिशवीत घालून एसटीने प्रवास करू नये. आधी कोणत्याही लसीनंतर किंवा यीस्टमुळे तीव्र ॲलर्जी झालेली असल्यास डॉक्टरांना सांगावे, ताप असेल तर उतरू द्यावा. दंड दोन दिवस दुखतो, क्वचित कणकण वाटते. या वयात सुई पाहून भोवळ येण्याचे प्रमाण बरेच असते, आणि यात मुलगे मुलींच्या मागे नाहीत, त्यामुळे टोचल्यानंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवावे लागते. सकाळच्या पहिल्या गाडीने येणाऱ्या मुलामुलींनी बहुधा काही खाल्लेले नसते; त्यांना आधी न्याहारी करायला लावा आणि मगच दवाखान्यात पाठवा.